वर्धेचे दोन तीर

एखादा देश किंवा प्रांत मोठ्या संघांतून बाहेर पडतो त्या दिवशीं दिव्यांची आरास होते, मिरवणुका निघतात, पुढाऱ्यांचीं भाषणें होतात. पुढें कांहीं वर्षें लोटलीं म्हणजे त्याच गांवांतून कुरकुर ऐकूं येऊं लागते. ब्रिटनचें उदाहरण आपल्या परिचयाचें आहे. २३ जून २०१६ रोजीं तेथें लोकांचा कौल घेण्यांत आला. शेंकडा ५१.९ मतें युरोपीय संघांतून बाहेर पडण्याच्या बाजूनें पडलीं, ४८.१ विरुद्ध पडलीं. ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन संघाबाहेर पडलें आणि त्या वर्षाच्या अखेरीस मालाच्या ने-आणीचे नवे नियम लागू झाले. मग मासळीचे व्यापारी कागदपत्रांच्या ओझ्याखालीं कण्हूं लागले. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉल या परगण्याची हकीकत तर विशेष विचार करण्याजोगी आहे. मागास विभाग म्हणून युरोपीय संघाकडून त्याला वर्षानुवर्षें मोठें साहाय्य मिळत असे. असें असूनही तेथील शेंकडा ५६ हून अधिक मतदारांनीं बाहेर पडण्याचाच कौल दिला. निकाल लागतांच तेथील स्थानिक परिषद विचारूं लागली कीं, हें साहाय्य आतां लंडन भरून देणार ना? पुढें नवा निधि निघाला. परंतु तो जुन्याची बरोबरी करीत नाहीं ही तक्रार राहिलीच.

अशा नाराजीचा अर्थ लावतांना कोणी म्हणतात लोक फसले, कोणी म्हणतात लोक अधीर आहेत. हीं दोन्ही उत्तरें घाईचीं आहेत. ही गोष्ट नीट समजून घ्यावयाची तर लंडनपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आपल्या महाराष्ट्राच्या पूर्व टोकास, चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत, हा अनुभव एकदां नव्हे, अनेकदां येऊन गेला आहे. स्वतंत्र राष्ट्र आणि एका राष्ट्रांतील प्रांत यांत मोठा भेद आहे, हें उघडच आहे. तथापि, घर सोडून दुसऱ्या घरीं गेलेल्या माणसाच्या मनांत जे प्रश्न उठतात ते दोन्हीकडे सारखेच असतात.

या प्रदेशाचा नकाशा क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. पश्चिमेकडून वर्धा येते, उत्तरेकडून वैनगंगा येते. पुढें दोघी मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशीं ती गोदावरीस मिळते. वर्धेच्या डाव्या तीरावर बल्लारपूर आहे, आणि नदी ओलांडून थोडें पुढें गेलें कीं राजुरा. आज या दोन गांवांमध्यें एक पूल आणि थोडा रस्ता एवढेंच अंतर आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वीं तीं दोन वेगळ्या राज्यांचीं गांवें होतीं, आणि दोघांनींही आपापलें राज्य एकाच दिवशीं, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं, सोडलें. एका तीरावर त्या सोडण्याचें समाधान राहिलें. दुसऱ्या तीरावर त्याची खंत अजून आहे. एकाच नदीच्या दोन तीरांवर असा फरक कां पडावा, हाच आजच्या भाषणाचा विषय.

प्रथम उजव्या तीराकडे वळूं. राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानांत, आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे. हैदराबाद हें नुसतें संस्थान नव्हतें, तो स्वतंत्र व्यापारी मुलूखच होता. संस्थानांत येणाऱ्या आणि तेथून बाहेर जाणाऱ्या मालावर निजाम सरकारची जकात असे. तिचा सर्वसाधारण दर शेंकडा पांच होता. ती वसूल करणाऱ्या खात्यास करोडगिरी म्हणत, आणि सरहद्दीवरचीं करोडगिरीचीं नाकीं हा वाटसरूंच्या बोलण्यांतला नेहमींचा विषय असे. नाणेंही निराळें. अलीकडे इंग्रजी कलदार रुपया, पलीकडे हाली शिक्का. शंभर कलदार रुपयांस सुमारें ११६ हाली रुपये पडत. कचेरीची भाषा उर्दू. शेतकऱ्याच्या घरांत मराठी, गोंडी किंवा तेलुगु, आणि त्याच्या जमिनीचा कागद मात्र त्याला न वाचतां येणाऱ्या लिपींत! कापसाची गाडी घेऊन वर्धेच्या पलीकडे जाणें म्हणजे भाषा, नाणें आणि कायदा हीं तिन्ही एका दमांत बदलणें होय. १९२९ सालीं बल्हारशाह–काजीपेठ हा लोहमार्ग पुरा होऊन दिल्लीची गाडी थेट मद्रासपर्यंत जाऊं लागली, तरी तिच्या दोहों बाजूंच्या या भिंती तशाच उभ्या राहिल्या.

१९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. पुढील कांहीं वर्षांत ती जकात बंद झाली आणि हाली नाणेंही मागें घेण्यांत आलें. १९५६ सालीं हैदराबाद राज्याचेच तीन भाग झाले तेव्हां राजुरा तालुका मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्यास जोडण्यांत आला. परंतु नांदेड दूर आणि चांदा नदीपलीकडे! ही अडचण लवकरच ध्यानांत येऊन १९५९ सालीं राजुरा चांदा जिल्ह्यांत आला. या तीरावर जुनें घर सोडल्याचा शोक फारसा ऐकूं येत नाहीं, याचें कारण स्पष्ट आहे. जें गेलें तें दिसत होतें: नाकें गेलें, परकें नाणें गेलें, न कळणारी लिपि गेली. जें आलें तेंही दिसत होतें: कचेरी जवळ आली आणि तींत आपली भाषा आली.

आतां डाव्या तीराची हकीकत. ती अधिक लांब आहे आणि अधिक गुंतागुंतीची आहे. चांद्याचें गोंड राज्य १७५१ सालीं नागपूरकर भोसल्यांच्या हातीं गेलें. १८१८ सालीं इंग्रजांनीं चांद्याचा किल्ला घेतला. १८५३ सालीं तिसऱ्या रघूजीच्या निधनानंतर नागपूरचें राज्य खालसा झालें आणि १८६१ सालीं मध्यप्रांत या नांवाचा नवा प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार याच प्रांताकडे आला. अशा रीतीनें नर्मदेकांठच्या जबलपुरापासून गोदावरीकांठच्या सिरोंच्यापर्यंत, हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांचा एक प्रांत नागपुराहून चालूं लागला. पंचाण्णव वर्षें हा संसार टिकला.

या प्रांतांत चांद्याचें स्थान काय होतें? तो राज्याच्या कडेचा जिल्हा होता, हें खरें. पण राजधानीपासून दूर नव्हता. चांद्याहून नागपूर दीडशें किलोमीटरांच्या आसपास. सकाळच्या गाडीनें निघालेला माणूस त्याच दिवशीं सचिवालयांत अर्ज देऊं शके. नागपूरचें विद्यापीठ १९२३ सालीं निघालें, हायकोर्ट १९३६ सालीं स्थापन झालें. आलापल्लीच्या रानांतलें सागवान बल्हारशाहच्या आगारांत येई आणि त्याविषयींचे हुकूम ज्या शहरांतून सुटत तें शहर जंगलाच्या ठेकेदारास, मालगुजारास आणि जमीनदारास पायांखालचें होतें. गोंड आणि माडिया शेतकऱ्यास अर्थातच नागपूरही दूरच वाटे. त्याच्या दृष्टीनें सरकार म्हणजे जंगलाचा गार्ड. ही गोष्ट आपण विसरतां कामा नये. तिच्याकडे पुढें यावयाचेंच आहे.

या संसारांत भांडणेंही होतीं. प्रांताच्या विधिमंडळांत हिंदी जिल्ह्यांचें बळ अधिक. १९३८ सालीं मुख्य प्रधान डॉ. ना. भा. खरे यांना पायउतार व्हावें लागलें आणि पंडित रविशंकर शुक्ल त्या जागीं आले. त्या प्रकरणाला काँग्रेसमधील शिस्तीची बाजू होती, तशीच हिंदी-मराठी चुरशीचीही होती. त्याच वर्षीं मराठी भागाचा निराळा प्रांत करावा असा ठराव प्रांताच्या विधिमंडळानें संमत केला. म्हणजे जुन्या घरांतून बाहेर पडण्याची इच्छा मुंबईनें विदर्भाच्या मनांत भरविली, असें म्हणणें न्याय्य होणार नाहीं. ती इच्छा येथलीच होती, आणि मराठी जिल्ह्यांचें उत्पन्न उत्तरेकडे खर्च होतें या तक्रारीवर ती पोसली होती. फरक पडला तो पुढें. लोक निघाले एका घरीं जाण्यासाठीं, आणि पोंचले दुसऱ्याच घरीं.

हें कसें झालें तें थोडक्यांत सांगतों. मराठी भाषकांचें एकच राज्य व्हावें ही चळवळ जोरांत होती. तींत वऱ्हाड-नागपूरच्या लोकांना सामील करून घ्यावयाचें तर त्यांच्या मनांतील भय दूर करणें अवश्य होतें. म्हणून १९४७ च्या ऑगस्टांत अकोल्यास एक करार झाला. त्यानंतर २८ सप्टेंबर १९५३ रोजीं नागपूर करार झाला; त्यावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर इत्यादि पुढाऱ्यांच्या सह्या आहेत. या कराराचीं कलमें आजही वाचण्यासारखीं आहेत. हायकोर्टाचें एक पीठ नागपुरास राहील. सरकार वर्षांतून ठराविक काळ नागपुरास येऊन राहील आणि विधिमंडळाचें निदान एक अधिवेशन तेथें होईल. खर्चाची वांटणी लोकसंख्येच्या प्रमाणांत होईल. सरकारी नोकऱ्या आणि तांत्रिक शिक्षणाच्या जागा यांतही तेंच प्रमाण पाळलें जाईल. आणि या सर्वांचा अहवाल दरवर्षीं विधिमंडळापुढें ठेवला जाईल. करार लिहिणारे लोक भाबडे नव्हते. कोणतें भय खरें आहे हें त्यांना नेमकें ठाऊक होतें. उणीव एकच राहिली: करार मोडल्यास दाद कोणाकडे मागावयाची, हें त्यांत कोठेंच नव्हतें.

त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्र सरकारनें राज्य पुनर्रचना मंडळ नेमलें. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर हे त्याचे सभासद. १९५५ च्या सप्टेंबरांत त्यांचा अहवाल आला. त्यांनीं विदर्भाच्या आठ जिल्ह्यांचें स्वतंत्र राज्य करावें, अशी शिफारस केली. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे ते आठ जिल्हे. लोकसंख्या सुमारें ७६ लक्ष. हें राज्य आपल्या उत्पन्नावर उभें राहूं शकेल, असें मंडळाचें मत होतें. वणीचे लोकनायक बापूजी अणे, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे पुढारी याच मागणीचे पुरस्कर्ते होते. परंतु मुंबई शहराचा तिढा सुटेना. तो सोडवितांना दिल्लीनें शेवटीं गुजराती आणि मराठी मुलुखांचें एकच विशाल द्विभाषिक राज्य बनविलें आणि विदर्भ त्यांत घातला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं नागपूरची राजधानी संपली. विधानसभा गेली. हायकोर्टाचें मुख्य पीठ जबलपुरास गेलें आणि नागपुरास मुंबई हायकोर्टाचें खंडपीठ राहिलें. १ मे १९६० रोजीं द्विभाषिक मोडून महाराष्ट्र झाला, तेव्हां विदर्भासाठीं नवें असें कांहीं ठरलें नाहीं. १९५३ च्या वचनांचाच पुनरुच्चार झाला.

येथें पहिला प्रश्न उभा राहतो: लोकांना विचारलें कोणीं? ब्रिटनमध्यें निदान मतपेटी तरी पुढें आली. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांनीं बहुमतानें उलट कौल दिला, तो मोजला गेला आणि जगाला दिसला. चांद्याच्या शेतकऱ्याला मध्यप्रदेश सोडावयाचा कीं नाहीं आणि सोडून कोठें जावयाचें, हें स्वतंत्रपणें कोणींच विचारलें नाहीं. १९५७ च्या निवडणुकींत विदर्भांतील बहुसंख्य जागा काँग्रेसनें जिंकल्या, यावरून लोक संतुष्ट होते असें कांहीं जण म्हणतात. १९६२ सालीं बापूजी अणे नागपुरांतून लोकसभेवर निवडून आले, यावरून लोक असंतुष्ट होते असें दुसरे म्हणतात. सार्वत्रिक निवडणुकींत माणूस एकाच चिठ्ठीनें दहा प्रश्नांचीं उत्तरें देतो. त्यांतून एका प्रश्नाचें उत्तर वेंचून काढणें कठीणच.

याच १९६२ सालीं चांदा मतदारसंघानें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. तेथून लाल श्याम शाह हे आदिवासी पुढारी अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. त्यांची दृष्टि मुंबईकडे नव्हती आणि नागपुराकडेही नव्हती. गोंडवनाच्या स्वतंत्र अस्तित्वाचा विचार त्यांच्या राजकारणाच्या मुळाशीं होता. मुदत पुरी होण्याआधींच त्यांनीं राजीनामा दिला. मराठी कीं हिंदी, महाराष्ट्र कीं विदर्भ, हा वाद शहरांत रंगला होता तेव्हां अरण्यांतल्या माणसाचा प्रश्न निराळाच होता, हें त्या एका निवडणुकीनें दाखविलें. धानोऱ्याच्या रानांत गोंडी, भामरागडांत माडिया, सिरोंच्यांत तेलुगु बोलणाऱ्या माणसाला भाषावार प्रांतरचनेंत आपली भाषा कोठेंच सांपडली नाहीं.

दुसरा प्रश्न वचनांच्या हिशेबाचा. १९५६ सालीं घटनेच्या सातव्या दुरुस्तीनें ३७१ व्या कलमांत एक तरतूद आली. विदर्भ, मराठवाडा इत्यादि भागांसाठीं निराळीं विकास मंडळें स्थापावीं आणि पैशाची समन्यायी वांटणी पाहण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे असावी, अशी ती तरतूद. परंतु राष्ट्रपतींना तशी व्यवस्था करतां येईल, इतकाच तिचा अर्थ. केलीच पाहिजे असा नव्हे. हें ‘करतां येईल’ प्रत्यक्षांत येण्यास अडतीस वर्षें लागलीं. मंडळें १९९४ सालीं आलीं. तत्पूर्वीं, १९८३ सालीं, राज्य सरकारनेंच अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिनें रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य, वीज अशा बाबतींत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीहून किती मागें आहे हें मोजलें. एकूण अनुशेष सुमारें ३,१८७ कोटि रुपयांचा निघाला, आणि त्यांत विदर्भाचा वांटा शेंकडा ३९ च्या घरांत होता. राज्याच्या लोकसंख्येंत विदर्भाचें प्रमाण तेव्हां शेंकडा २३ होतें. या दोन आंकड्यांतील अंतर म्हणजेच त्या नाराजीचें माप म्हणावयास हरकत नाहीं. विकास मंडळांची मुदत वेळोवेळीं वाढविण्यांत आली आणि ३० एप्रिल २०२० रोजीं ती संपली. नागपूरचें वार्षिक अधिवेशन बहुतेक वर्षीं झालें. महामारीच्या २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षीं तें मुंबईसच भरविण्यांत आलें.

परंतु, श्रोतेहो, सगळा दोष मुंबईच्या माथीं मारून मोकळें होणें सोपें असलें तरी तें खरें नव्हे. महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार हे चांदा जिल्ह्यांतलेच. १९६२ च्या नोव्हेंबरांत ते त्या पदावर आले आणि वर्षभरांत त्यांचें निधन झालें. त्यांच्या मागून पुसदचे वसंतराव नाईक आले आणि अकरा वर्षांहून अधिक काळ राहिले. हे दोघेही विदर्भाचे सुपुत्र. हायकोर्टाचें खंडपीठ आणि अधिवेशन हीं कराराचीं दोन कलमें, कमीअधिक उणिवेसह, पाळलीं गेलीं. शाळेंत आणि कचेरींत मराठी आली, हाही लाभ लहान नव्हे. मग ज्या कलमांत पैसा आणि नोकऱ्या होत्या तींच कां मागें पडलीं? पाळलेलें वचन डोळ्यांना दिसणारें होतें: इमारत, न्यायाधीश, अधिवेशनाचा मंडप. न पाळलेलें वचन अंदाजपत्रकाच्या आंकड्यांत दडलेलें होतें. तेथें प्रत्येक वर्षीं थोडें थोडें कमी पडत गेलें, आणि थोडें कमी पडल्याचा गलबला होत नाहीं. मुख्यमंत्री विदर्भाचा असला तरी अंदाजपत्रक ज्या शहरांत बसून होतें त्या शहराचा शेजार त्याच्या आंकड्यांना लागतोच.

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाकडे पाहा. १९८८ च्या एप्रिलांत राजीव गांधींच्या हस्तें त्याची कोनशिला बसली. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतील सुमारें अडीच लक्ष हेक्टर जमीन भिजविण्याचा तो संकल्प. आरंभींचा अंदाज ३७२ कोटि रुपयांचा होता. पुढें तो हजारों कोटींवर गेला आणि ब्रह्मपुरी, मूल, सावली येथील भातशेतकऱ्यांच्या एका पिढीचें आयुष्य कालव्याची वाट पाहण्यांत गेलें. तिकडे चंद्रपुराजवळ कोळशावर चालणारें २९२० मेगॅवॅटांचें वीजकेंद्र उभें राहिलें. त्याची राख आणि धूर चंद्रपुराला, आणि उजेड राज्यभर, अशी वांटणी झाल्याचें तेथील लोक म्हणतात तेव्हां त्यांना एकसंध राज्य नको असतें असें नाहीं; देण्याघेण्याचा ताळा जुळत नाहीं, एवढेंच त्यांचें म्हणणें असतें.

नव्या सीमेनें व्यापारासही नवे कंगोरे आणले. भारतांत राज्याराज्यांमध्यें जकात नाहीं, हें खरें. परंतु कायदे निराळे असले कीं सीमा जागी होते. महाराष्ट्रानें १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदीची योजना चालविली. शेतकऱ्यानें आपला कापूस सरकारी खरेदी केंद्रावरच घालावयाचा. ज्या वर्षीं बाहेर भाव चढा असे त्या वर्षीं सरहद्दीवरचा कापूस रात्रीं गाड्यांतून शेजारच्या राज्यांत जाई. राजुऱ्याच्या ज्या वाटांवर पूर्वीं करोडगिरीचा शिपाई उभा असे, त्याच मुलुखांत पुन्हा पहारे बसले. राजुऱ्याच्या माणसाला इतिहासाचा हा विनोद कळला असला पाहिजे.

आतां मघाशीं राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे येतों. नागपूरकर मुंबईविषयीं जें बोलत तेंच सिरोंचेकर चांद्याविषयीं बोलत. सिरोंच्याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. १८६० सालीं निजामाकडून मिळालेल्या मुलुखाचा अपर गोदावरी नांवाचा जिल्हा करण्यांत आला आणि सिरोंचा हें त्याचें मुख्य ठाणें झालें. १८७४ सालीं तो जिल्हा मोडला; कांहीं भाग मद्रास इलाख्याला गेला आणि सिरोंचा चांद्यास जोडला गेला. जिल्ह्याचें ठाणें होतें तें गांव दोनशें किलोमीटरांवरच्या कचेरीचें टोक झालें. पावसाळ्यांत नद्या भरल्या म्हणजे तेथून चांदा गांठणें हें दिव्यच. पुढें शंभर वर्षें हीच स्थिति राहिली. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुराचे दोन जिल्हे होऊन गडचिरोली निराळा झाला. हेंही एक प्रकारचें बाहेर पडणेंच होतें, आणि त्याचा पश्चात्ताप कोणी करीत नाहीं. जिल्ह्याची कचेरी, रुग्णालय, आणि २०११ सालीं गोंडवाना विद्यापीठ हीं सारीं त्यामुळें अरण्याच्या जवळ आलीं. सिरोंच्यास मात्र गडचिरोलीही दोनशें किलोमीटरच पडते. तेथील कुरकुर संपली नाहीं आणि ती अकारण आहे असें म्हणवत नाहीं.

या सर्व हकीकती एकाशेजारीं एक ठेवल्या कीं एक गोष्ट आपोआप ध्यानांत येते. राजुऱ्यानें हैदराबाद सोडलें, गडचिरोलीनें चंद्रपूर सोडलें, तेथें नाराजी उरली नाहीं. कारण सोडल्यानें सरकार जवळ आलें. सिरोंचा ठाण्याचें टोक झालें आणि विदर्भ राजधानीचा प्रांत होता तो दूरच्या राजधानीचा विभाग झाला. तेथें नाराजी पिढ्यानपिढ्या उरली, कारण सरकार लांब गेलें. एकत्र राहणें चांगलें कीं वेगळें होणें चांगलें, हा वाद लोक तत्त्वानें कमी आणि पायांनीं अधिक मोजतात.

शेजारीं जें घडलें त्यानें ही खंत ताजी राहिली. ज्या हिंदी मुलुखापासून विदर्भ १९५६ सालीं विभक्त झाला त्याचाच पूर्व भाग १ नोव्हेंबर २००० रोजीं छत्तीसगड या नांवानें स्वतंत्र राज्य झाला. २ जून २०१४ रोजीं दक्षिणेस तेलंगण झालें. म्हणजे गडचिरोलीच्या पूर्वेस आणि दक्षिणेस, नदीच्या पलीकडे, दोन लहान राज्यें उभीं राहिलीं, आणि मध्यें ज्याची शिफारस त्या दोहोंच्या कितीतरी आधीं, १९५५ सालीं, झाली होती तें राज्य झालें नाहीं. तेलंगणानें गोदावरीवर मेडीगड्डा येथें बंधारा बांधला; त्याविषयीं दोन्ही राज्यांचा करार २०१६ सालीं झाला आणि २०१९ सालीं बंधारा सुरू झाला. त्याचा एक कांठ सिरोंचा तालुक्याचा. पाणी पलीकडे उपसून नेण्याची योजना झाली आणि अलीकडच्या शेतांत पुराचें पाणी शिरल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. २०२३ च्या ऑक्टोबरांत बंधाऱ्याचे खांबच खचले.

याच्या उलट गंमत जिवती तालुक्याच्या डोंगरांत दिसते. तेथील चौदा गांवांवर दोन्ही राज्यांनीं वर्षानुवर्षें हक्क सांगितला. त्या गांवांत दोन राज्यांच्या शाळा, दोन राज्यांच्या शिधापत्रिका. सीमेचा निकाल लागला नाहीं म्हणून तेथील गरीब माणसाची कुचंबणा झाली, तशीच थोडी सोयही झाली. दोन सरकारें जेथें आपली म्हणावयास धडपडतात तेथें निदान दोघांपैकीं एक तरी दाराशीं येतें.

मग उपाय काय? स्वतंत्र विदर्भ व्हावा कीं न व्हावा, याचा निवाडा करणें हें या भाषणाचें काम नव्हे. इतिहासाचा अभ्यासक इतकेंच सांगूं शकतो कीं, नुसतें राज्य लहान झाल्यानें टोकाच्या गांवाचें दुःख जात नाहीं. आणि राज्य मोठें राखल्यानेंही तें वाढलेंच पाहिजे असें नाहीं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यांत मेंढा नांवाचें गोंडांचें एक लहान गांव आहे. वनहक्काच्या कायद्यान्वयें २००९ सालीं त्याला सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. ज्या परवान्यासाठीं पूर्वीं जंगल खात्याच्या दारीं बसावें लागे तो आतां गांवाच्या सभेंत लिहिला जाऊं लागला. बांबू किती तुटला, पैसा किती आला, तो कोठें गेला, हें सभेंत बसलेल्या माणसाला विचारतां येतें. मुंबई तेथून तितकीच दूर राहिली. हिशेब मात्र जवळ आला.

१९५३ च्या करारांतील दरवर्षींच्या अहवालाचें कलम लिहिणाऱ्यांच्या मनांत हेंच असावें. तें कलम करारांतील सर्वांत साधें आणि बिनखर्चाचें होतें. तेंच सर्वांत महत्त्वाचें ठरलें असतें. तो अहवाल वर्षोवर्षीं नेमानें विधिमंडळापुढें आला असता, त्यावर चर्चा झाली असती, तर १९८३ सालीं अनुशेष मोजण्यासाठीं निराळी समिति नेमण्याची पाळी आली नसती, आणि चंद्रपूरच्या माणसाला आपली तक्रार रस्त्यावर येऊन सांगावी लागली नसती. कॉर्नवॉलच्या परिषदेनें निकालानंतर विचारलेला प्रश्न हाच होता. पुढें कधीं एखादा प्रांत अथवा देश घर बदलावयास निघाला, तर त्याच्या पुढाऱ्यांना निघण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या: कचेरी कोठें जाणार, आम्हांला कोण विचारणार, आणि दरवर्षीं हिशेब कोणापुढें मांडणार. वर्धेच्या एका तीरावर यांपैकीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर लोकांच्या मनासारखें आलें. दुसऱ्या तीरावर तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें अजून यावयाचीं आहेत.